घडी न मोडलेलं लुगडं

आमच्या घरात एक मोठी लोखंडी ट्रंक होती आणि त्या ट्रंकेत कपड्यांच्या दोन थप्प्या असायच्या. डावीकडची नेसायची, उजवीकडची द्यायची. आहेरात आलेलं कुठलंही लुगडं, पातळ, खण आधी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, म्हणजे सुमतीवहिनींच्या हातात जायचं. त्या ते उजेडात धरायच्या, काठ बोटांनी चाचपायच्या आणि निकाल द्यायच्या. चांगलं असलं तर, "हे द्यायला राहू दे." बेताचं असलं तर, "हे नेसायला होईल." लग्न होऊन मी डोंबिवलीला आले आणि पहिल्याच महिन्यात हा न्याय मला कळला. माझं डोकं तेव्हा जे फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही. चांगलं ते लोकांना आणि उरलंसुरलं आपल्याला, ही कुठली रीत?

पण वहिनींशी भांडायची सोय नव्हती. "खरं आहे गं तुझं," म्हणायच्या आणि चांगलं लुगडं पुन्हा उजवीकडेच ठेवायच्या. अशा माणसाशी किती वेळ भांडणार? विश्रामभाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, कचेरीतून येऊन पेपरात तोंड घालायचे. आमचे हे मोहने गावच्या कारखान्यात होते. सकाळी आंबिवलीची गाडी पकडायचे ते दिवेलागणीला परत. घरातली कापडं कुठून येतात आणि कुठे जातात याची दोघांनाही गंधवार्ता नव्हती.

मी गावातल्याच मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्यामुळे वर्षाला दोन पातळं माझ्या पसंतीने घ्यायची मुभा मी भांडून मिळवली होती. दोनच, पण त्या दोनांसाठी मी महिनोन् महिने विचार करायची. गडद रंगावर खडूची भुकटी दिसते, म्हणून गडद नको. मोठी फुलं असली की मुली फळ्याऐवजी माझ्या पदराकडे बघत बसतात, म्हणून फुलं नकोत. माझी मान आखूड, रुंद काठ खांद्यावर आला की मी गाठोडं दिसते. असं एकेक वगळत गेलं की शेवटी शेवाळी नाहीतर विटकरी रंग आणि बोटभर काठ एवढंच उरायचं. मग दुकानात गेल्यावर काम चुटकीसरशी व्हायचं. आळीतल्या बायका मला नखरेल म्हणायच्या. म्हणोत बापड्या. आरशात बघितल्यावर मला स्वतःचा राग येत नव्हता, हे त्यांच्यातल्या किती जणींना म्हणता आलं असतं?

वहिनींनी मात्र उभ्या जन्मात स्वतःसाठी एक चिंधी विकत घेतलेली नव्हती. लग्नातलं आलं, डोहाळजेवणाचं आलं, मुंजीबारशांच्या मानाचं आलं. मधे लढाई झाली, कापडावर कंट्रोल आलं, तेव्हा तर मिळेल ते डोळ्यांना लावायची वेळ होती. पुढे कंट्रोल उठलं, दुकानं भरली, पण वहिनींची सवय काही उठली नाही.

आणि गंमत अशी, की लुगड्यातलं त्यांच्याएवढं अख्ख्या आळीत कुणाला कळत नव्हतं. कुणाकडे लग्न निघालं की बस्त्याला, म्हणजे लग्नाची सगळी कापडं एका बैठकीत काढायला, लोक वहिनींना बरोबर न्यायचे. कल्याणच्या बाजारपेठेत गणूशेटचं दुकान होतं. त्याच्या पांढऱ्या गादीवर वहिनी मांडी घालून बसल्या की तो बाकीची गिऱ्हाइकं सोडून समोर येऊन बसायचा.

चोपन्न सालच्या वैशाखात शेजारच्या रंगूबाईंच्या मुलीचा बस्ता होता, तेव्हा मीही बरोबर गेले होते. गणूशेटने नवऱ्या मुलाच्या मावशीसाठी चौकड्यांचं लुगडं उलगडलं. वहिनींनी हातानेच नको म्हटलं.

"ती बाई उभी राहताना पोक काढते. चौकड्यांत अजून वाकलेली दिसेल. तिला उभी रेघ द्या."

"मग हे चौकड्यांचं मुलाच्या काकूंना?" रंगूबाईंनी विचारलं.

"त्यांना हा जांभळा नको. त्यांच्याकडे अजून कंदील आहे. कंदिलाच्या उजेडात जांभळा काळा दिसतो, आणि सवाष्णीला काळं दिलं म्हणून तुम्हाला नावं ठेवतील. कुसुंबी काढा."

"आणि मुलाच्या आजीला?"

"मऊ द्या. रंग कुठला का असेना. त्यांना आता दिसत नाही, पण हाताला कळतं."

मी बघतच राहिले. या बाईने प्रत्येकीला कधी, कुठे, किती नीट बघून ठेवलं होतं! परतताना दुपारची गाडी रिकामी होती. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या, अंगावर कुणीतरी दिलेलं गुलबक्षी लुगडं होतं आणि त्यात त्या कावीळ झाल्यासारख्या दिसत होत्या. मला राहवलं नाही.

"वहिनी, तुम्हाला काय शोभतं हो?"

"मला काय, काहीही चालतं."

"चालतं काय ते नाही विचारलं मी. शोभतं काय?"

त्या हसल्या, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग अंगावरच्या गुलबक्षीकडे बघितलं. ठाकुर्ली गेलं तरी त्या त्याचा काठ बोटांनी चाचपत होत्या. डोंबिवलीचा फलाट दिसायला लागला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माहीत नाही गं. खरंच माहीत नाही." आवाजात भीती होती. एखाद्या बाईला स्वतःच्या मुलाचं नाव आठवू नये आणि तिने घाबरावं, तशी. मला त्यांची कीव आली आणि त्यांना असं करून ठेवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा भयंकर राग आला. फलाटावर उतरता उतरता मी सांगून टाकलं, की वर्षभरात तुम्ही स्वतःसाठी स्वतःच्या पसंतीचं एक लुगडं घ्यायचं, नाहीतर मी तुमच्याशी बोलणार नाही. चिडून बोललेलं ते बोलणं वहिनींनी मनावर घेतलं.

त्यांनी मोठ्या निगुतीने सुरुवात केली. डावीकडच्या थप्पीतलं एकेक लुगडं त्या मुद्दाम लक्ष देऊन नेसायला लागल्या. दिवसभर वागवायचं आणि संध्याकाळी मी शाळेतून आले की कसं वाटलं ते मला सांगायचं. "हे गुलबक्षी नेसलं की मी दिवसभर घाईत असते, का कुणास ठाऊक." कधी म्हणायच्या, "या मोठ्या चौकड्यांत मी खोलीत यायच्या आधी लुगडंच येतं." एकदा मान चोळत बसल्या होत्या. "जरीचा काठ टोचतो गं. पंचवीस वर्षं टोचत असणार, मला आज कळलं." मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. त्या रोज स्वतःबद्दल काहीतरी नवं शोधून काढत होत्या आणि त्या शोधाने चकित होत होत्या. संध्याकाळची ती पाच-दहा मिनिटं मला इतकी आवडायला लागली, की शाळा सुटल्यावर मी रस्त्यात कुणाशी बोलत उभी राहीनाशी झाले.

दिवाळीनंतर रत्नागिरीहून आमसुलांचा डबा आला. सारासाठी वहिनींनी मूठभर भिजत घातली होती. मी स्वयंपाकघरात गेले तर त्या खिडकीशी उभ्या, आणि बोटांत एक भिजलेलं आमसूल उजेडात धरलेलं.

"मंदा, हा."

"हा काय?"

"रंग. काळा नाही, जांभळा नाही, तांबडाही नाही. कुणाच्या अंगावर धावून जात नाही, पण पुसलाही जात नाही."

रंग ठरला. जर नको, रेशमी बारीक किनार हवी, चौकडा नको, पोत मऊ पण सुळसुळीत नको. वहिनींच्या डोक्यात ते लुगडं आता संपूर्ण विणून तयार होतं, फक्त कुठेतरी सापडायचं बाकी होतं.

त्याच सुमाराला त्यांच्या मुलीचं, उत्तराचं, लग्न ठरलं. गुरुदत्त नावाचा ठाण्याचा मुलगा, माणसं बरी, मानपानाला मात्र पक्की. बस्त्याच्या निमित्ताने आमच्या गणूशेटकडे खेपा सुरू झाल्या. सगळ्यांचं काढून झालं की वहिनी हळूच म्हणायच्या, "आमसुली दाखवा." गणूशेटने पहिल्या खेपेला वांगी रंगाचं टाकलं. वहिनींनी नाक मुरडलं. दुसऱ्या खेपेला कोनफळी टाकलं. तेही नाही. तो वैतागून म्हणाला, "वहिनी, कुणाच्या मानाचं आहे एवढं?" वहिनी लाल झाल्या आणि म्हणाल्या, "आहे एकीचं." मला असा संताप आला! स्वतःचं नाव घ्यायला काय जीभ झडणार होती? पण तिसऱ्या खेपेला त्याने एक महेश्वरी उलगडलं, आणि मी काही बोलायच्या आतच वहिनींचा हात त्यावर जाऊन बसला होता. हेच ते. भिजलेल्या आमसुलाचा रंग आणि कडेला जेमतेम दिसेल एवढी किनार.

घरी आल्यावर मी म्हटलं, "नेसा आत्ताच. मोडून टाका घडी."

"आत्ता नको. लग्न होईपर्यंत मी नवरीची आई. आईने काय नेसायचं ते ठरलेलं असतं. उत्तरा सासरी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी नेसेन. त्या दिवशी मी कुणाची कुणी नसेन, नुसती घरात असेन."

इतकं बोलून त्यांनी लुगडं ट्रंकेत ठेवलं. कुठे ठेवलं? उजवीकडे. घडी न मोडलेलं लुगडं डावीकडे ठेवायचं त्यांच्या हातांना माहीतच नव्हतं.

लग्न आमच्याच दारात मांडव घालून झालं. अक्षता पडल्या, आणि पंगती बसायच्या वेळेला टांग्यातून एक उंच, काळीसावळी, कपाळावर आठ्या असलेली म्हातारी उतरली. गुरुदत्तची थोरली आत्या, ठमाबाई. बाळकुमला राहायची. भावाशी तिचं वर्षानुवर्षं वाकडं होतं, ती येणार नाही असं व्याह्यांनी आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. आता आत्या म्हणजे पहिल्या मानाची, आणि तिच्या नावाचं लुगडंच काढलेलं नव्हतं. व्याही भाऊजींच्या कानाशी लागले. वहिनी तेव्हा आत विहिणीच्या पंगतीला वाढत होत्या. भाऊजी धावत ट्रंकेकडे गेले. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की घडी न मोडलेलं लुगडं ते द्यायचं. उजव्या थप्पीवर जे सगळ्यात वर होतं ते त्यांनी उचललं, ताटात नारळ आणि खण ठेवला आणि वहिनींना बाहेर बोलावून ते ताट भर मांडवात त्यांच्या हातात दिलं.

मी वहिनींकडेच बघत होते. त्यांची नजर ताटावर गेली आणि तिथेच राहिली. वाटलं, धावत जावं आणि ताट हिसकावून घ्यावं. पण समोर ठमाबाई पाटावर बसलेली, भोवती दोन्हीकडची माणसं, आणि सगळे आत्याबाई आता काय म्हणतात याकडे डोळे लावून बसलेले. वहिनींनी हळदकुंकू लावलं. ओटी भरली. आपलं लुगडं आपल्या हाताने तिच्या ओटीत घातलं आणि वाकून नमस्कार केला.

"साधंच आहे, गोड मानून घ्या," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी जन्मात हजारदा म्हटलं असेल. त्या दिवशी ते धड बाहेर पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उठल्या, न्हायल्या आणि डावीकडचं गुलबक्षी नेसल्या. मी विषय काढला तर म्हणाल्या, "असू दे गं," आणि पाणी भरायला निघून गेल्या. भाऊजींना त्यांनी चकार शब्द सांगितला नाही, मलाही सांगू दिला नाही. संध्याकाळी मी घरी आले तर त्या भाजी निवडत असायच्या आणि आमटीला काय करायचं एवढंच बोलायच्या. पुढे ज्येष्ठातल्या लग्नांच्या बस्त्यांची बोलावणी आली. वहिनींनी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. रंगूबाई स्वतः बोलवायला आल्या, तर त्यांना म्हणाल्या, "आता मला नाही कळत त्यातलं." तेव्हा मात्र मी हादरले. लुगडं गेलं ते गेलं, पण त्याच्याबरोबर ही बाईच कुठेतरी निघून चालली होती.

मी ठरवलं, ते लुगडं परत आणायचं.

"आहेर परत मागायला जाणार?" आमचे हे ताडकन उठून बसले. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? नवी सोयरीक आहे. बोंबाबोंब होईल!"

"होऊ दे."

"आणि सांगणार काय?"

"देवीला बोललेलं लुगडं होतं, चुकून गेलं, म्हणून सांगेन. त्याच्या बदल्यात दुसरं भारीतलं नेते."

उजवीकडच्या थप्पीतलं सगळ्यात भारी जरीचं लुगडं मी पिशवीत घातलं आणि रविवारी ठाण्याला उतरून टांगा केला. बाळकुम तेव्हा गावच होतं. भातखाचरं, खाडीवरून येणारा खारट वारा, आणि एका कडेला शाळेतून पेन्शनीत निघालेल्या मास्तरांचं, ठमाबाईंच्या यजमानांचं, बैठं घर. वाटभर मी देवीची ती थाप घोकत होते.

ठमाबाई ओटीवर डाळ पाखडत होत्या. अंगावर तेच लुगडं होतं. ओचे वर खोचलेले, पदर कमरेला, कडेला पाण्याचे शिंतोडे. आणि काय दिसत होत्या! मांडवात पाहिलेली ती आठ्याळ म्हातारी ही नव्हेच. त्यांचा काळा तुकतुकीत वर्ण, पांढरे केस आणि तो आमसुली रंग एकमेकांना धरून होते. मी दारातच थबकले.

"ये गं. कोण तू? उत्तराची काकू ना? खुशाली सांगायला आलीस?"

मी हो म्हटलं आणि बसले. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुला खरं सांगते. मी त्या दिवशी भांडायलाच आले होते. आहेर म्हणून काय ते नेहमीचं पुढे करतील आणि मी ते तिथल्या तिथे भिरकावीन, असं मनात धरून आले होते. मी काळी ना! लग्न झाल्यापासून मला जो तो हळदी देतो, मोतिया देतो. का, तर बाई जरा उजळ दिसेल. आयुष्य गेलं माझं लोकांनी दिलेल्या उजेडात." त्या हसल्या आणि पदरावरून हात फिरवला. "हे ओटीत पडलं आणि माझं तोंडच बंद झालं. ज्याने हे काढलं त्याने मला आधी कुठेतरी नीट पाहिलं असलं पाहिजे. तुझ्या जाऊबाईंनी काढलं ना? त्यांना सांग, साठी उलटल्यावर का होईना, कुणीतरी माझा रंग ओळखला. मी ते ठेवणीत टाकलं नाही. रोज धुते, रोज नेसते."

पिशवीतलं लुगडं मी बाहेर काढलंच नाही. चहा घेतला, खुशाली सांगितली, पाया पडले आणि टांग्यात बसले. रडू येत होतं आणि कशाचं ते कळत नव्हतं.

घरी आले तेव्हा वहिनी मेथी निवडत होत्या. मी समोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांच्या तोंडून काय येणार ते मला ठाऊक होतं. तिला शोभलं ना, मग झालं तर, असंच त्या म्हणणार. मी त्याची तयारी ठेवूनच बोलत होते.

वहिनींनी मेथीची जुडी खाली टाकली.

"शोभणारच!" त्या म्हणाल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी काढलेलं कुणालाही शोभतं, मंदा. सगळ्यांना शोभतं. मला शोभलं असतं का, ते आता कळणार कसं? वर्षभर मी स्वतःला शोधत होते गं. सापडले होते की नाही, एवढंच मला बघायचं होतं. मला ते हवं होतं. मला, मला हवं होतं ते!"

आणि त्या रडायला लागल्या, लहान मूल रडतं तशा, तोंड न झाकता. 'मला हवं होतं.' इतकं साधं वाक्य या घरात त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्यांना जवळ घेतलं. मला वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं. बाई शेवटी चिडली होती.

डोळे पुसून झाल्यावर मी म्हटलं, "उद्या कल्याणला जाऊ. तसलंच दुसरं आणू."

"तसलं नको. ते आता त्यांचं झालं." त्यांनी मेथी पुन्हा हातात घेतली. "आणि तू येऊ नकोस. मी एकटी जाईन."

खरंच एकट्या गेल्या. जन्मात पहिल्यांदा एकट्या गाडीत बसल्या, आणि संध्याकाळी काखेत पुडकं घेऊन आल्या. काय आणलं ते दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी गादीवर बसले, डोळे मिटले, आणि समोर जो रंग आला तो मागितला." पुडकं त्यांनी ट्रंकेत ठेवलं नाही. उशाशी घेऊन झोपल्या.

सकाळी मी वेणी घालत ओटीवर बसले होते. भाऊजी पेपर वाचत होते. वहिनी नवं लुगडं नेसून बाहेर आल्या. अबोली रंगाचं. भाऊजींनी पेपर खाली केला.

"आज काय आहे?"

"काही नाही. मंगळवार आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांग. कशी दिसते?"

अबोली नाजूक रंग. त्यात त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं उठून आली होती, कानशिलावरचे पांढरे केस जास्तच पांढरे वाटत होते. मला खोटं बोलायचं होतं. एवढं सगळं झाल्यावर कोण खरं बोलेल? पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की खोटं बोलले असते तर तो त्यांचा अपमान झाला असता.

"नाही शोभत, वहिनी."

त्या खिडकीशी गेल्या. तिथे भाऊजींचा दाढीचा आरसा लावलेला होता. पदर गळ्याशी धरून त्यांनी त्यात बघितलं. मान वळवून कानशिलं बघितली, हनुवटी वर करून गळा बघितला. कितीतरी वेळ बघत होत्या. बस्त्याला बसल्या की दुसऱ्या बायकांबद्दल बोलताना त्यांचे डोळे जसे बारीक व्हायचे, तसे हळूहळू झाले. माझा जीव टांगणीला लागला होता.

"बरोबर आहे तुझं," त्या आरशातच बघत म्हणाल्या. "हे मी माझ्या लग्नातल्या सुमतीला काढलं. डोळे मिटल्यावर तीच आली समोर. मधल्या वर्षांत मी हिच्याकडे बघितलंच नव्हतं ना." आरशातल्या बाईकडे त्यांनी बोट केलं आणि खुदकन हसल्या. "किती बदलली आहे गं ही!"

"गणूशेट बदलून देईल का?" भाऊजींनी मधेच विचारलं.

"घडी मोडली. आता कोण बदलून घेतंय? आणि मला बदलायचंही नाही." त्यांनी पदर कमरेला खोचला आणि चूल पेटवायला आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, आणि त्यातूनच त्यांची हाक आली.

"मंदा! दिवाळीला पुढचं घेऊ. हे पांढरे केस धरून काहीतरी हवं. राखाडी चालेल का गं? की निळ्याकडे झुकणारा राखाडी? ऐकतेस ना?"

मी ऐकत होते. पुढचं, म्हणाल्या होत्या त्या. फणी हातात तशीच राहिली आणि भाऊजींच्या देखत मला रडू फुटलं.